सोडून दिला म्हणून सुटलो का?



हल्ली आपल्या घरांतून एक नवं वाक्य ऐकू येतं. "आम्ही मासा खात नाही हो, नुसता पकडतो आणि परत पाण्यात सोडतो." बोलणारा मुलगा आपल्यातलाच असतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणारा, रात्रीचं जेवण टाळणारा. हातात दोन-तीन किलोचा मासा धरलेला त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येतो. मावश्या, काकू अंगठे दाखवतात, आणि कुणी विचारलंच तर आई सांगते, "अहो, सोडून दिला लगेच. पाप कसलं त्यात?"

मला यात पाप दिसतं. आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या भोईणीच्या मासेमारीपेक्षा जास्त दिसतं. हे वाक्य पुष्कळांना टोचेल. टोचू दे, गळापेक्षा कमीच टोचेल.

हा खेळ आला कुठून ते आधी बघू. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, तिथं बास नावाच्या माशाच्या स्पर्धा चालतात. त्यानं मला फोनवर तासभर समजावलं, म्हणून हे लिहिते. हा बास मूळचा उत्तर अमेरिकेतला, मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला. रे स्कॉट नावाच्या एका विमा एजंटानं १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर त्याची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी या हौशी लोकांची संघटना काढली. स्पर्धेत मेलेल्या माशांचे ढीग लोकांना बघवेनात, तेव्हा १९७२ पासून "मासा मारू नका, सोडा" ही मोहीम त्यानंच सुरू केली. म्हणजे सोडण्याची ही पद्धत करुणेतून कमी आणि खेळ चालू राहावा म्हणून जास्त आली. तलाव रिकामा झाला तर पुढच्या वर्षी पकडणार काय?

स्पर्धा अशी. पहाटे वेगवान होड्या सुटतात. होडीतच पाण्याची टाकी असते, तिच्यात हवा सोडणारा पंप. दिवसभरात पकडलेल्यांतले मोठे पाच मासे टाकीत ठेवायचे, संध्याकाळी मंचावर पिशवीतून आणून वजन करायचं, टाळ्या घ्यायच्या, मग तलावात सोडायचं. आणि मासा मेला असेल तर? वजनातून ठरावीक कपात! हे ऐकून मी थबकलेच. मी बी.कॉम.ला शिकले त्यात बुडीत कर्जाची तरतूद असते, तशीच ही. मासे मरणार हे नियम करणाऱ्यालाही माहीत आहे, म्हणून तर त्यानं हिशेबात जागा करून ठेवली.

आपल्याकडं बास नाही. पण त्याची सगळी हत्यारं आली आहेत आणि ती वापरली जातात मरळीवर. कापसाची फिरकी फिरवावी तसं रीळ, कार्बनची लवचिक काठी, विणलेली दोरी, आणि गळाला लावायला रबराचा बेडूक. हा बेडूक कमळाच्या पानांवरून, शेवाळावरून टुणटुण ओढत आणायचा. त्याच्या पाठीला दोन गळ चिकटलेले असतात. खालून मरळ झेपावली की क्षणभर थांबायचं, तिनं तो तोंडात घेतला की काठीला जोरात झटका द्यायचा, म्हणजे गळ जबड्यात रुततो. कुठं कुठं तीन टोकांचे गळ लावलेले लाकडी-प्लास्टिकचे मासे असतात. या सगळ्या पेटीला काही हजार रुपये सहज लागतात. रंकाळ्यावर कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ लावून बसणारा म्हातारा यांच्यापुढं गरीबच म्हणायचा.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण हे आईलाच कळेल.

मरळ अंडी घालते तेव्हा नर आणि मादी मिळून राखण करतात. पिल्लं बाहेर आली की शेकडोंच्या घोळक्यानं फिरतात, लालसर दिसतात, श्वास घ्यायला वर येतात तेव्हा पाण्यावर बुडबुडे उठतात. आईबाप खालून त्यांच्यासोबत फिरत असतात. शिकारी याच बुडबुड्यांवर नजर ठेवतो आणि रबराचा बेडूक बरोबर त्या घोळक्यात टाकतो. मरळ त्यावर तुटून पडते. भुकेनं नव्हे. पिल्लांच्या अंगावर कुणी आलं म्हणून. तिला वर काढतात, पट्टीवर मोजतात, फोटो काढतात. तेवढ्या वेळात त्या पिल्लांकडं बघायला कोण? बाससुद्धा असाच. त्यात नर घरट्यावर पहारा देतो. तो काही मिनिटं जरी दूर झाला तरी दुसरे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात, हे अमेरिकेतल्याच अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. बाप परत सोडला, पण घर तोवर रिकामं झालेलं.

सगळेच असं करत नाहीत, पिल्लांसोबतच्या मरळीला हात लावू नये म्हणणारे हौशी लोकही आहेत. असोत. पण या खेळाचं मर्म तेच आहे. त्या जिवाच्या भुकेला, रागाला किंवा मायेला फसवायचं.

आपला धर्म यावर काय म्हणतो? पाठशाळेत शिकलेलंच आहे, फक्त माशाला लावून बघू. हिंसेचे चार प्रकार: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाकात, झाडलोटीत होते ती आरंभी. शेतीत, धंद्यात होते ती उद्योगी. जीव वाचवायला करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला या तिन्ही पूर्ण सुटत नाहीत, पण संकल्पी त्यानं सोडायचीच असते. सुट्टीच्या दिवशी, पोट भरलेलं असताना, मुद्दाम गाडी काढून राधानगरीच्या बाजूला जाऊन पंचेंद्रिय जिवाच्या जबड्यात गळ रुतवणं यातल्या कोणत्या खात्यावर घालणार? भोयाच्या मासेमारीला निदान उद्योगीचं नाव लावायला जागा आहे, त्याची चूल त्यावर पेटते. ती हिंसा नाही असं मी म्हणत नाही. पण समुद्रावरचा कोळी माशांच्या विणीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होडी किनाऱ्याला लावून बसतो. आपल्या चातुर्मासाच्या तोंडावरच. हौसेला असा बंदीचा काळ कोणता?

"पण आम्ही मारत नाही ना!" जीव घेतला नाही तरी अतिचार लागतातच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिलेत. बांधणं, मारझोड करणं, छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. गळ म्हणजे छेदणंच. टाकीत दिवसभर कोंडणं म्हणजे बांधणं. पाण्याबाहेर काढणं म्हणजे माशाचा श्वासच तोडणं. जीव न घेताही यातले किती दोष एका फोटोसाठी लागतात ते तुम्हीच मोजा.

त्यापुढं अनर्थदंड. काही कारण नसताना होणारं पाप. त्याच्या पाच प्रकारांत एक आहे हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. तलवार, विष, दोर अशा वस्तू देऊ नयेत असं आपण वाचतो आणि मनात म्हणतो, आपण कुठं कुणाला तलवार देतो? मैत्रिणींनो, भाच्याच्या वाढदिवसाला ऑनलाइन मागवलेली ती काठी आणि गळाची पेटी म्हणजे दुसरं काय आहे?

मृगसेन धीवराची गोष्ट मला दोघीतिघींनी उलट ऐकवली. मुनिराजांनी त्याला नियम दिला, जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा. त्यानं सोडला, खूण म्हणून कापडाची चिंधी बांधली. तोच मासा पुन्हा पुन्हा आला, पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी त्यानं सोडला. रिकाम्या हातानं घरी आला तर बायकोनं, घंटेनं, दार लावून घेतलं, बाहेर साप चावून तो मेला आणि पुढच्या जन्मी धनकीर्ती होऊन पाच संकटांतून वाचला. "बघा, पकडून सोडण्याचं केवढं पुण्य!" असं त्यांचं म्हणणं.

नाही हो. त्याला पुण्य पकडण्याचं मिळालं नाही. जाळं टाकणं हा त्याचा धंदा होता, आणि उपाशी राहायची पाळी आली तरी त्यानं घेतलेला नियम मोडला नाही, त्याचं ते फळ. आपल्या पोराचं ताट घरी वाढलेलंच असतं. तो सोडतो तेव्हा काय सोडतो? जे त्याला नकोच होतं ते. नको असलेल्या वस्तूच्या त्यागाला आपण कधीपासून व्रत म्हणायला लागलो?

आणि सोमदेवसूरींचा यशस्तिलक दहाव्या शतकातला. त्यात धीवर आणि शेतकरी यांची तुलना आहे. मासा हाती लागला नाही तरी जाळं घेऊन बसलेला धीवर पापी, आणि नांगरताना जीव मेले तरी शेतकरी तसा पापी नाही, कारण मनातला भाव वेगळा. आपण बहुतेक जणी शेतकरी घरातल्या. हे आपल्याच बाजूनं सांगितलेलं आहे म्हणून आपल्याला गोड वाटतं. मग त्याचा पहिला अर्धा भागही घ्यायला हवा. मासा सुटला की नाही हा प्रश्नच नाही, गळ टाकताना मनात काय होतं हा प्रश्न आहे.

आपण पाणी गाळतो आणि गाळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडतो. एका मुलानं मला विचारलं, "आत्या, ते पण पकडून सोडणंच ना?" प्रश्न हुशार होता. मी म्हटलं, "अरे, पाणी प्यावंच लागतं म्हणून गाळणं आलं. जीव मरू नये म्हणून गाळतो. जीव पकडण्याच्या गमतीसाठी कुणी गाळणं घेऊन विहिरीवर जातं का?"

आता विज्ञानाचं, कारण मुलांना तेच पटतं. माशाला दुखत नाही असं पूर्वी सांगायचे. २००३ साली इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर, तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठात आम्ल टोचल्यावर ते मासे टाकीतल्या खड्यांवर ओठ घासू लागले, खाणं टाळू लागले. आणि सोडलेल्यांचं पुढं काय होतं? २००५च्या एका मोठ्या आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांची सरासरी शंभरात अठरा मृत्यू अशी निघाली. कुठं अगदी कमी, कुठं फार जास्त. गळ घशात गेला, रक्त आलं, पाणी गरम असलं, कोरड्या हातानं धरून अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, तर फोटोत पोहत गेलेला मासा नंतर मरतो. तेव्हा मोबाइल खिशात गेलेला असतो.

गंमत बघा, स्वित्झर्लंडसारख्या मासे खाणाऱ्या देशानं २००८च्या प्राणिसंरक्षण नियमांत, सोडून देण्याच्या हेतूनं गळ टाकायलाच मनाई केली. जर्मनीतही वाजवी कारणाशिवाय प्राण्याला यातना देणं गुन्हा आहे, आणि गंमत हे वाजवी कारण धरत नाहीत. खायचा असेल तर पकड, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नको. आणि आपण, न खाणारे, म्हणतो की खात नाही म्हणून चालतं!

त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. कावेरीवर महाशीर पकडून सोडणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदींमुळंच तिथला मोठ्या पाठीचा महाशीर किती वेगानं घटला ते कळलं. त्यांच्या छावण्या असत तिथं सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना वचक असे. ठीक. पण राखण करायला गळच कशाला हवा? महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह म्हणून तिथल्या माशाला कुणी हात लावत नाही, लोक खायला टाकतात. वाडा तालुक्यातल्या तिळसे इथं वैतरणेत महादेवाच्या देवळापाशी तसंच. तिथं पीएच.डी. झालेलं कुणी बसवलेलं नाही, नुसती श्रद्धा आहे. आणि पंचगंगेत मासे मरतात ते कशानं? तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण पेपरात बघतो. सांडपाणी आणि कारखान्यांची मळी. ज्याला माशांचा एवढा लळा आहे त्यानं त्या सांडपाण्यासाठी एक अर्ज करावा. उद्योग आपल्यातल्या लोकांचेही आहेत, त्यांना घरच्या बाईनं विचारावं.

२०२५ मध्ये नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीसाठी आपली माणसं नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पायी चालली. हत्तीण डोळ्यांतून पाणी काढते, ते आपल्याला दिसतं. मासा ओरडत नाही, एवढाच त्याचा दोष. पंचकल्याणकात मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल येतं, पाण्यात खेळणारी माशांची जोडी. अरनाथ भगवंतांचं लांछनही मासाच. त्या स्वप्नांच्या आरत्या आपण हातात धरायच्या आणि घरी त्याच्या जबड्यातला गळ काढतानाचा व्हिडिओ बघायचा?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगते. यंदा आपल्या पाठशाळेच्या मुलांची सहल धरणाकाठच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर ठरते आहे. पत्रकात बैलगाडी, हुरडा, पतंग यांच्यासोबत "मासे पकडा आणि सोडा, मुलांसाठी बक्षीस" अशी ओळ आहे. आठ ते चौदा वर्षांची मुलं. जी सकाळी णमोकार म्हणून बसमध्ये चढतील त्यांच्याच हातात दुपारी काठी देणार, आणि मोठा मासा काढेल त्याला बक्षीस. केंद्रवाल्याची चूक नाही, तो सगळ्यांनाच ते देतो. नको म्हणायचं काम आपलं आहे.

मी फोन करून विचारलं, ती ओळ काढली तर माणशी दर तोच राहतो, आणि त्या वेळात होडीतून पक्षी दाखवायला ते तयार आहेत. शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाची बैठक आहे, तिथं मी हे मांडणार. "मुलांचा हिरमोड होईल" असं म्हणणाऱ्या दोघी आहेत, त्यांनी जरूर यावं. येताना मुलांनाही घेऊन या, मृगसेनाची गोष्ट मी त्यांना सांगते, मग हिरमोड होतो का ते त्यांनाच विचारू.