विश्लेषण : 108 वेळेत आली, पण उपचार कसे झाले?

पावसाळ्यातला रविवार. भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि त्याच वेळी बोरघाटात अपघात. लोणावळ्यात अशा दिवशी 108 ला फोन केला की नंतर चर्चा एकाच गोष्टीची होते : रुग्णवाहिका किती मिनिटांत आली? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. मिनिटे गाडीची मोजली जातात. गाडीतल्या माणसाने काय केले, हेही मोजायला हवे.

गाडीत कोण असते?
राज्यात ही सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यातल्या 233 प्रगत, तर 704 प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या. त्यांवरील डॉक्टरांमध्ये आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. ब्रिटनमध्ये तर जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि पॅरामेडिक आपत्कालीन विभागात रुग्ण तपासतात, निदानही करतात. त्यामुळे 'पदवी कोणती?' यावर वाद घालत बसण्यापेक्षा काम मोजणे रुग्णाच्या फायद्याचे.

काय मोजायचे?
• छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या 10 मिनिटांत निघाला का?
• जखमीचा रक्तस्राव थांबवला का? शुद्धीची पातळी नोंदवली का?
• नुसते जवळचे नव्हे, तर गरजेची सोय असलेले रुग्णालय निवडले का?
• तपासून घरी सोडलेला रुग्ण 72 तासांत त्याच तक्रारीने परत आला का?

फक्त मृत्यू मोजले तर?
अन्याय होईल. घाटातला चिरडलेला ट्रकचालक आणि धबधब्यावर पाय मुरगळलेला पर्यटक यांची तुलना होत नाही. आजार किंवा इजा किती गंभीर, हे हिशेबात धरले नाही, तर सर्वांत अवघड रुग्ण घेणाराच सर्वांत वाईट ठरेल.

फक्त वेळ मोजली तर?
ब्रिटनने आपत्कालीन विभागासाठी 4 तासांची मर्यादा घातली. मग मुदत संपता संपता रुग्ण हलवण्याची लगबग आकडेवारीतच दिसू लागली. जे मोजाल, तेवढेच सुधारते.

पुढे काय?
रुग्ण रुग्णालयात उतरवला की गाडीचे काम संपते, पण माहिती तिथेच थांबू नये. निदान बरोबर होते का, रुग्ण वाचला का, हे रुग्णालयाने रुग्णवाहिकेच्या पथकाला कळवले पाहिजे. चूक कळली तरच ती पुढच्या फेरीत टळेल. हे आकडे तालुकानिहाय जाहीर व्हावेत. मावळातल्या माणसाला गाडी कधी येईल याबरोबरच, आल्यावर जीव वाचण्याची शक्यता किती, हेही कळायला हवे.