दुभाजकातला वणवा

10 ऑगस्ट 2020 रोजी, सोमवारी दुपारी, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जो वणवा पेटला, तो कुठल्या निबिड अरण्यात पेटला नाही. तो पेटला भर हमरस्त्यात. इंटरस्टेट 70 या महामार्गाच्या 120व्या मैलाच्या दगडाजवळ, जाणाऱ्या आणि येणाऱ्या मार्गिकांच्या मधल्या पट्ट्यात. वीज पडलेली नव्हती. आग माणसामुळे लागली, असा निर्वाळा अधिकाऱ्यांनी पुढे दिला. रस्त्यावर घासत गेलेली ट्रकची साखळी, फुटलेला टायर, कुणी खिडकीतून भिरकावलेलं थोटूक, यांपैकी काहीही पुरेसं होतं, कारण त्या उन्हाळ्यात सगळं कोलोरॅडो राज्य अवर्षणाने होरपळत होतं.

दुभाजकातून आग कड्यावर चढली, आणि त्याच दिवशी कोलोरॅडो नदी ओलांडून पलीकडच्या उतारावरही पोचली. नदी म्हणजे आगीची सीमारेषा, असं नकाशा पाहणाऱ्याला वाटतं. पण अरुंद घळईत वारा घुसला की ठिणग्या पाण्यावरून सहज पलीकडे जातात. ग्रिझली क्रीक नावाच्या ओढ्यावरून या वणव्याचं नाव पडलं ‘ग्रिझली क्रीक फायर’. महामार्ग दोन्ही बाजूंनी बंद झाला आणि पुढचे दोन आठवडे बंदच राहिला.

हा रस्ता बंद होणं म्हणजे काय, हे समजण्यासाठी ती जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. ग्लेनवुड कॅन्यन ही जेमतेम वीस किलोमीटर लांबीची घळई. दोन्ही बाजूंना हजार-तेराशे फूट उंच कडे, तळाला कोलोरॅडो नदी. नदीच्या एका काठाने रेल्वे, दुसऱ्या काठाने महामार्ग. मध्येच शॉशोनी हा शंभराहून जास्त वर्षं जुना जलविद्युत प्रकल्प. घळईच्या पश्चिम तोंडाशी ग्लेनवुड स्प्रिंग्ज हे दहा हजार वस्तीचं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. आणि त्या गावाचं पिण्याचं पाणी येतं ते प्रामुख्याने नो नेम आणि ग्रिझली या दोन ओढ्यांतून, म्हणजे जळत असलेल्या डोंगरांवरूनच. डेन्व्हरहून रॉकी पर्वत ओलांडून पश्चिमेला जाणाऱ्यांचा मुख्य रस्ता हाच. इतक्या चिंचोळ्या जागेत इतकं सगळं कोंबण्याचा शहाणपणा कुणाचा, असा प्रश्न पडतो. पण डोंगराळ मुलखात वाट नदीनेच काढून ठेवलेली असते, आणि मग रूळ, डांबर, विजेच्या तारा सगळे तिच्याच मागे जातात.

त्यातही हा रस्ता साधासुधा नाही. पूर्व-पश्चिम इंटरस्टेट 70चा हा तुकडा सगळ्यात शेवटी पुरा झाला, ऑक्टोबर 1992 मध्ये. बारा वर्षं काम चाललं, सुमारे 49 कोटी डॉलर लागले. घळईचं सौंदर्य नासेल म्हणून लोकांनी जोरदार विरोध केला होता. विरोध करणाऱ्यांत गायक जॉन डेन्व्हरही होते. त्या विरोधाचा परिणाम असा झाला, की अभियंत्यांनी कडे फोडून रस्ता पसरवण्याऐवजी तो खांबांवर उचलला. चाळीसच्या आसपास पूल आणि उन्नत मार्ग. काही ठिकाणी एक मार्गिका वर, दुसरी खाली. जिथे काहीच जमेना तिथे बोगदे. कामात एखादं झाड किंवा झुडूप मोडलं तर कंत्राटदाराला दंड होता, कोणतं झाड त्यावर रक्कम ठरलेली. झुडपांची इतकी काळजी घेऊन बांधलेल्या रस्त्यावरूनच अठ्ठावीस वर्षांनी ती ठिणगी उडाली.

वणवा आठवड्याभरात पंचवीस हजार एकरांच्या पुढे गेला. घळईतली नो नेम ही छोटी वस्ती रिकामी करण्यात आली, डोंगरमाथ्यावरच्या विखुरलेल्या वाड्यांनाही निघण्याचे आदेश गेले. ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या रहिवाशांनी सामान बांधून ठेवलं. तो करोनाचा पहिला उन्हाळा. गरम पाण्याच्या कुंडांवर आणि पर्यटकांवर पोट असलेल्या गावाने टाळेबंदीतून नुकतीच मान वर काढली होती, तोच हा धूर. आग विझवणाऱ्यांचे तळसुद्धा एरवीसारखे एका मैदानात भरवता येईनात. टोळ्या एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागल्या. काही काळ ही आग देशातली पहिल्या प्राधान्याची मानली गेली. त्याच सुमारास राज्यात इतरत्र पाइन गल्च आणि कॅमरन पीक हे वणवे भडकत होते आणि विमानं, माणसं, पाणी यांची सगळीकडूनच मागणी होती. राज्यपाल जॅरेड पोलिस यांनी राज्यभर उघड्यावर शेकोटी पेटवायला बंदी घातली.

इतक्या मोठ्या देशाची इतकी यंत्रणा हाताशी असताना ही आग लवकर का विझली नाही, असं विचारणाऱ्याने ते कडे एकदा पाहावेत. खाली उभं राहून पाणी मारावं अशी ती जागाच नाही. उभ्या उतारावर आग अडवणारी जाळरेषा खणायला माणसं पाठवायची, तर वरून धोंडे घरंगळतात आणि खालून ज्वाळा चढतात. आणि ग्लेनवुड स्प्रिंग्जला असा उतार काय करू शकतो हे फार चांगलं ठाऊक आहे.

ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर स्टॉर्म किंग हा डोंगर आहे. जुलै 1994 च्या सुरुवातीला तिथे वीज पडून एक लहानशी आग लागली. राज्यात इतरत्र मोठे वणवे चालू असल्याने तिच्याकडे पहिले काही दिवस फारसं लक्ष गेलं नाही. 6 जुलैला दुपारी थंड हवेची आघाडी आली, वारा एकाएकी वाढला, आणि आग खालच्या बाजूने गँबेल ओकच्या दाट झुडपांत शिरून उतारावर धावत वर आली. त्या उतारावर जाळरेषा खणणारी माणसं वरच्या धारेकडे पळत सुटली. 14 जण पोचू शकले नाहीत. त्यांतले नऊ जण ओरेगन राज्यातल्या प्राइनव्हिलच्या एकाच पथकातले होते. अमेरिकेत वणवा विझवायला शिकणारा प्रत्येक जण आज ही घटना अभ्यासतो: हवामानाचा अंदाज टोळीपर्यंत पोचला का, पळायची वाट कुठे होती, मागे हटायचं कुणी आणि कधी ठरवायचं. डोंगरावर त्यांच्या स्मरणार्थ पायवाट आहे. चढताना दम लागतो, आणि ज्यांना त्या चढावर धावावं लागलं त्यांचा विचार केल्याशिवाय वर जाता येत नाही.

आठ वर्षांनी, जून 2002 मध्ये, त्याच गावाच्या पश्चिम भागावर आणखी एक वणवा आला. जमिनीखाली कित्येक दशकं धुमसत असलेल्या दगडी कोळशाच्या थरातून तो वर फुटला, महामार्ग आणि नदी दोन्ही ओलांडून गावात शिरला आणि 29 घरं घेऊन गेला. म्हणजे 2020 मध्ये जे लोक खिडकीतून लाल आकाश पाहत होते, त्यांच्यातल्या अनेकांची ही तिसरी खेप होती. या वेळी घरं वाचली. हँगिंग लेक वाचलं. कड्याच्या कपारीत अडकलेलं, खालचा तळ दिसेल इतकं नितळ हिरवंनिळं तळं ते. गर्दी इतकी, की 2019 पासून रोज 615 माणसांनाच आणि तेही आधी परवाना काढून सोडत. आग त्याच्या आसपासपर्यंत पोचली आणि तिथे अडवली गेली. वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून हीच बातमी सगळ्यात जास्त फिरली, आणि त्यात काही वावगं नाही. लोकांना जे तळं प्रिय असतं त्याचीच ते आधी चौकशी करतात.

रस्त्याची बातमी मात्र कंटाळवाणी असते, आणि ती भोगणाऱ्यालाच कळते. घळईच्या पूर्वेला ईगल, पश्चिमेला ग्लेनवुड. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. रस्ता बंद झाला तेव्हा सांगण्यात आलेला वळसा उत्तरेकडून, स्टीमबोट स्प्रिंग्जच्या बाजूने, तीन-चार तासांनी वाढवणारा. पूर्वेकडच्या व्हेल या पर्यटनगावातल्या हॉटेलांत काम करणारे घळईच्या पश्चिमेला राहतात, तर पूर्वेला राहणाऱ्यांची कामं पश्चिमेला असतात; महागड्या पर्यटनगावांत घरभाडं न परवडणाऱ्यांची ही नेहमीची कसरत. त्यांच्यासाठी वळसा म्हणजे बुडालेला रोज. शॉर्टकट शोधणाऱ्यांची गर्दी इंडिपेंडन्स पासवर गेली. हा घाट 12,095 फुटांवर, अस्पेन गावाच्या वर. रस्ता काही ठिकाणी एका मोटारीपुरताच, आणि 35 फुटांहून लांब वाहनांना कायमची बंदी. तरीही मोठे ट्रक तिथे शिरले आणि वळणांत अडकले, कोंडी इतकी झाली की तो घाटही काही दिवस बंद करावा लागला. फोनमधल्या नकाशावर विसंबलेले इतर काही जण कॉटनवुड पासच्या मातीच्या रस्त्याला लागले. नकाशाला रेघ दिसते. ती रेघ खडीची आहे, तिथे समोरून गाडी आली तर मागे जावं लागेल, हे त्याला ठाऊक नसतं.

24 ऑगस्टला महामार्ग उघडला. थांबायला परवानगी नव्हती, कारण वरच्या जळक्या उतारांवरून धोंडे सुटत होते. वणवा पूर्ण आटोक्यात आल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर झालं; तोवर 32,631 एकर, म्हणजे सुमारे 132 चौरस किलोमीटर जळून गेले होते.

खरी किंमत त्यानंतर चुकवावी लागली.

तापलेल्या जमिनीत एक वेगळीच गोष्ट घडते. पानापाचोळ्यातले मेणचट पदार्थ उष्णतेने वाफ होऊन मातीत उतरतात आणि खालच्या थंड थरात घट्ट होतात. मग वरून पडणारं पाणी मुरत नाही. धरून ठेवायला मुळं उरलेली नसतात, अडवायला पाचोळा नसतो. जो पाऊस एरवी डोंगराने पिऊन टाकला असता, तोच आता राख, चिखल, ओंडके आणि धोंडे घेऊन ओढ्यांतून लोटतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी हे आधीच सांगितलं होतं, कोणत्या ओढ्याला किती धोका त्याचे नकाशेही काढले होते. 2021 च्या उन्हाळ्यात म्हणून एक नवी व्यवस्था सुरू झाली. हवामान खात्याने पुराचा सावधगिरीचा इशारा दिला की पथकं तयार राहत, प्रत्यक्ष धोक्याचा इशारा आला की घळई रिकामी करत. जूनच्या अखेरीपासून रस्ता पुन्हा पुन्हा बंद होऊ लागला.

29 जुलै 2021 च्या संध्याकाळी ही व्यवस्थाही अपुरी पडली. मुसळधार पावसात एकाहून अधिक ठिकाणांहून लोट महामार्गावर आले, आणि शंभरहून अधिक प्रवासी घळईत अडकले. त्यांतल्या काहींनी रात्र हँगिंग लेकच्या बोगद्यात काढली. बोगदा बांधताना कुणाच्या मनात आलं नसेल की तो कधी निवारा होईल. कुणाचा जीव गेला नाही. सकाळी दिसलं ते असं: काही ठिकाणी लोटाने रस्त्याचे कठडे आणि पृष्ठभाग नेला होता, आणि नदीच्या पात्रात इतका गाळ आला होता की प्रवाहाने बाजू बदलली होती. महामार्ग 14 ऑगस्टला उघडला. म्हणजे पावसाने घातलेली बंदी आगीच्या बंदीहून लांबली. राज्याने केंद्राकडे मागितलेली मदत होती सुमारे 11 कोटी 60 लाख डॉलर. हँगिंग लेकचं पाणी आगीत शाबूत राहिलं, पण पावसाने ते काही काळ गढूळ केलं आणि तिथे जाणारी पायवाट ठिकठिकाणी वाहून नेली. ती पुन्हा खुली व्हायला जून 2022 उजाडलं.

नदीच्या गाळाचा प्रश्न गावापुरता नव्हता. शॉशोनी प्रकल्पाला नदीतलं पाणी वापरण्याचा जो जुना हक्क आहे, तो कोलोरॅडो नदीवरच्या सर्वांत जुन्या मोठ्या हक्कांपैकी एक. प्रकल्प चालू असेल तर पाणी नदीत वाहत राहतं. बंद पडला तर वरच्या भागातून पर्वतापलीकडच्या शहरांकडे वळवता येतं. त्यामुळे दरडी आणि गाळ यांनी खिळखिळा होऊ शकणारा हा छोटा वीजप्रकल्प पश्चिम उतारावरच्या शेतकऱ्यांच्या आणि गावांच्या काळजीचा विषय झाला. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या नदी जिल्हा प्राधिकरणाने तो हक्क 9 कोटी 90 लाख डॉलरना विकत घेण्याचा करार केला. करारामागची कारणं अनेक, आणि बहुतेक आगीच्या आधीची. पण जळलेल्या कड्यांखाली उभा असलेला जुना प्रकल्प बघून घाई वाढली असेल, तर नवल नाही.

आता राहिला वळशाचा प्रश्न. महामार्ग पुन्हा बंद पडणार, यावर कुणाचं दुमत नाही. तेव्हा कॉटनवुड पासचा कच्चा रस्ता नीट करावा, निदान आणीबाणीत मोटारी जाव्यात, असा विचार राज्याच्या वाहतूक खात्याने दोन्ही बाजूंच्या काउंट्यांबरोबर सुरू केला. ऐकायला हे साधंच वाटतं. पण त्या घाटाच्या कडेला राहणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. रस्ता रुंद केला की मोबाइलचा नकाशा तो सगळ्यांना दाखवणार, आणि आणीबाणी नसतानाही ट्रक त्यांच्या दारावरून जाणार. शिवाय त्याही डोंगरावर तोच ओक आहे, तेच कोरडं गवत, आणि चढावर तापणारे तसलेच ब्रेक. खात्याचे अभियंते वळणांची मापं घेऊन बैठकांना आले, रहिवासी आक्षेप घेऊन आले.