तुरुंगातील पदवी : शुल्क माफ, पण शिकवण्याचा खर्च कोणाचा?

म्हैसूर : बंदिवानाला महाविद्यालयात जाता येत नाही. त्यामुळे तुरुंगातील उच्च शिक्षणाचा भार देशभर प्रामुख्याने मुक्त विद्यापीठांवर येतो. या व्यवस्थेचा आधार किती नाजूक असू शकतो, हे म्हैसूरने पाहिले आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आणि मध्यवर्ती कारागृह याच शहरात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये या विद्यापीठाची मान्यता २०१३-१४ पासून काढून घेतली. २०१८ मध्ये ती पुन्हा मिळेपर्यंत असंख्य विद्यार्थ्यांचे भवितव्य टांगणीला लागले. अशा वेळी बाहेरचा विद्यार्थी दुसरी संस्था गाठू शकतो; कैद्याला ती मुभा क्वचितच असते.

मूळ प्रश्न निधीच्या जबाबदारीचा आहे. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे, तर शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. परिणामी गृहखाते, शिक्षणखाते आणि विद्यापीठ यांपैकी खर्च कोणी उचलायचा, हे संदिग्ध राहते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने कैद्यांसाठी शुल्कमाफी दिली, हे मोलाचेच. परंतु पुस्तके, समुपदेशक, परीक्षा केंद्र आणि त्यासाठीचा बंदोबस्त यांचा खर्च शुल्कमाफीने भागत नाही.

महाराष्ट्रात नागपूर मध्यवर्ती कारागृहात मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे चालतात. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कैद्यांना शिक्षेत ९० दिवसांपर्यंत सूटही मिळू शकते. मात्र ही सूट शिक्षा झालेल्यांनाच लागू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारपैकी सुमारे तिघांना हे प्रोत्साहन उपलब्धच नाही. शिवाय २०२२ मध्ये तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते; अशा गर्दीत अभ्यासासाठी शांत जागा मिळणेही कठीण.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. तेथे १९९४ मध्ये कैद्यांची ‘पेल’ शिष्यवृत्ती बंद झाली आणि बहुतेक तुरुंगांतील महाविद्यालयीन वर्ग मोडले. जुलै २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली आहे. रँड या संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार तुरुंगातील शिक्षणावरील एका डॉलरमागे पुन्हा होणाऱ्या कारावासाचे चार ते पाच डॉलर वाचतात. हे गणित भारताला जसेच्या तसे लागू होणार नाही. पण निधी थांबला की वर्गही थांबतो, हा धडा सर्वत्र सारखाच आहे.

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना आदर्श कारागृह व सुधारसेवा कायद्याचा मसुदा पाठवला. त्यातील ‘सुधारणा’ प्रत्यक्षात यायची असेल, तर राज्यांच्या अर्थसंकल्पात कैद्यांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद हवी आणि तिच्यात कच्च्या कैद्यांनाही स्थान हवे. अन्यथा शुल्कमाफीने प्रवेश वाढतील, पदव्या वाढतीलच असे नाही.