बिनविरोध म्हणजे एकमत नाही



पक्षाचा अध्यक्ष बिनविरोध निवडून आला की ढोल वाजतात, फटाके फुटतात. पुढारी सांगतात, बघा आमची एकजूट. पण एकच अर्ज आला म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं का?

डिसेंबर २०१७ मध्ये राहुल गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अर्जाचे ८९ संच भरले होते, सगळ्यांवर नाव एकच. जानेवारी २०२० मध्ये जे. पी. नड्डा भाजपचे अध्यक्ष झाले. तिथंही दुसरा उमेदवार नव्हता. झेंडे वेगळे, रीत एकच. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला मत द्यायची वेळच आली नाही. पुढं २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये खर्गे आणि थरूर समोरासमोर उभे राहिले. ७८९७ आणि १०७२ मतं पडली. तेवढ्यानं पक्ष काही मोडला नाही.

कोणी म्हणेल, आपण पण मतं मोजत नाही, सगळे बसून ठरवतो. खरं आहे. गडचिरोलीचं मेंढा (लेखा) गाव सर्वसहमतीनंच चालतं. पण तिथं एक माणूस जरी नाही म्हणाला तरी निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. म्हणजे आधी बोलणं, मग एकमत. पक्षात उलटं आहे. आधी वरून नाव येतं, मग खाली टाळ्या वाजतात.

हीच रीत गावात शिरते. सरपंचपदाची बोली लावली म्हणून जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नंदुरबारमधल्या खोंडामळीची आणि नाशिकमधल्या उमराण्याची निवडणूक रद्द केली. पैसेवाला पुढे झाला की गरिबाचा अर्ज घरीच राहतो.

उद्या वनहक्क समिती अशीच ठरली तर कोणाचा दावा पुढे जाईल आणि कोणाचा पडून राहील? कायद्यानं ही समिती ग्रामसभेनं निवडायची आहे. १० ते १५ जणांची, त्यात निदान एक तृतीयांश बाया. ती पुढाऱ्याच्या ओट्यावर ठरवायची नाही.

म्हणून ग्रामसभेत कोणी एकच नाव घेऊन आला तर उठून विचारा. हे नाव कुठं ठरलं? सगळ्या पाड्यांना विचारलं का? बायांचं म्हणणं काय? आणखी कोणी तयार आहे का? आपल्या संघटनेच्या बैठकीत पण हेच विचारा. विचारणारा फूट पाडतो असं कोणी म्हणालं, तर त्यालाच आधी उत्तर द्यायला लावा.

जिंदाबाद!