मोडले तर काय होईल? सवय, प्रथा आणि व्रत यांच्या इंग्रजी शब्दांविषयी



आपल्या घरांतील मुले आता परगावी व परदेशी शिकतात. वसतिगृहाच्या भोजनालयाला त्यांना पत्र लिहावे लागते, पर्युषणात रजेचा अर्ज करावा लागतो. अशा वेळी आपल्या आचाराविषयी इंग्रजीत दोन ओळी लिहायला बसले की हॅबिट, रूटीन, कस्टम, ट्रॅडिशन, रिच्युअल, प्रॅक्टिस असे अनेक शब्द समोर उभे राहतात. शब्दकोशात पाहावे, तर एकाच्या अर्थापुढे दुसरा दिलेला असतो. त्यामुळे कोणताही घेतला तरी चालेल, असा समज होतो. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्दाचे खाते निराळे आहे.

निवड करताना एक प्रश्न विचारावा : ही गोष्ट मोडली, तर काय होईल आणि जाब कोण विचारील?

सकाळचा चहा ही हॅबिट. चुकला तर डोके जड होईल, पण जाब कोणी विचारणार नाही. आठ वाजता स्नान, नऊला देवदर्शन, दहाला दुकान हे रूटीन. फ्रेंच भाषेतील रस्ता या अर्थाच्या शब्दावरून तो आला. रूटीन म्हणजे दिवसाची मळलेली वाट. ती सुटली तर दिवसाची घडी विस्कटते, इतकेच. भाचीच्या लग्नात मामाने मायरा भरणे ही कस्टम. ती मोडली तर नातेवाईक विचारतात, कारण कस्टम ही समाजाची असते. गंमत अशी की कस्टमर हा शब्दही यातूनच निघाला. नित्यनेमाने एकाच पेढीवर येतो तो कस्टमर.

ट्रॅडिशन या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील हाती सोपवणे ही कल्पना आहे. हिशेब संगणकावर गेले, तरी दिवाळीला चोपडापूजन होते, कारण आजोबांनी ते वडिलांच्या हाती दिले आणि वडिलांनी आपल्या. ते मोडले तर दोन पिढ्यांमधील दुवा निखळतो. रिच्युअलमध्ये क्रम आणि पाठ ठरलेले असतात. मधली पायरी गाळली तर विधी अपुरा राहतो. मात्र उपवास, सामायिक, चौविहार यांना इंग्रजीत ऑब्झर्व्हन्स म्हणणे अधिक योग्य. तेथे नियम आपण स्वतः स्वीकारलेला असतो. तो मोडला तर जाब स्वतःचे मनच विचारते आणि प्रायश्चित्त घ्यावे लागते.

एकच कृती वेगवेगळ्या खात्यांत जाऊ शकते, हे येथे लक्षात घ्यावे. सूर्यास्तानंतर न जेवणे ही एखाद्याची केवळ सवय असेल, एखाद्या घराची रीत असेल, तर एखाद्याने चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेले असेल. तिसऱ्याने यजमानाला ‘इट इज माय हॅबिट’ म्हटले, तर यजमान प्रेमाने म्हणणारच, आजच्या दिवस चालेल! त्याने ‘आय ऑब्झर्व्ह अ व्हाउ’ म्हटले, तर आग्रह तेथेच थांबतो.

कायदाही हे शब्द तोलूनमापून वापरतो. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यात ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता राखण्यासाठी बँकांमधील रूढ ‘प्रॅक्टिसेस अँड यूसेजेस’ पाळण्याचे बंधन आहे. येथे प्रॅक्टिस म्हणजे सराव नव्हे, तर व्यवसायाने मान्य केलेली वागणूक. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कस्टमची व्याख्या आहे. ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी. शिवाय ती एकाच कुटुंबापुरती असेल, तर त्या कुटुंबाने ती सोडून दिलेली नसावी. म्हणजे घराण्याची रीत आपण सोडली, तर कायद्याच्या दृष्टीनेही तिचे बळ जाते.

शब्दांचे हे मोल २०१५ साली आपल्या साऱ्या समाजाने अनुभवले. त्या वर्षी १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या मानावे, असा निर्णय दिला. संथारा ही धर्माची ‘इसेन्शियल प्रॅक्टिस’, म्हणजे अत्यावश्यक आचार आहे, हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे मत होते. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या दिवसांत संथाऱ्यासाठी ‘फास्ट अनटू डेथ’ हे शब्द सर्रास वापरले जात होते. राजकीय मागणीसाठी केलेल्या आमरण उपोषणालाही हेच शब्द लावतात. त्यांत मृत्यू दिसतो. गुरूंची अनुमती, क्षमायाचना, कषायांचा त्याग यांतले काहीच दिसत नाही. ज्याला आपण व्रत म्हणतो, त्याला इंग्रजीत व्हाउ म्हणायला आपणही शिकले पाहिजे.

शेवटी मुलांसाठी एक व्यवहारी सूचना. नामाबरोबर क्रियापदही जपावे. हॅबिट ‘फॉर्म’ होते, कस्टम ‘फॉलो’ करतात, रिच्युअल ‘परफॉर्म’ करतात, फास्ट ‘ऑब्झर्व्ह’ करतात आणि व्हाउ ‘टेक’ करून ‘कीप’ करतात. पर्युषणाच्या रजेच्या अर्जात केवळ ‘फेस्टिव्हल’ लिहिले, तर वरिष्ठांना मिठाई आणि रोषणाई आठवेल. ‘रिलिजस ऑब्झर्व्हन्स’ लिहिले, तर त्या दिवसांचे गांभीर्य त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

खतावणीत रक्कम बरोबर असूनही ती चुकीच्या खात्यावर पडली, तर ताळेबंद खरे चित्र दाखवत नाही. शब्दांचेही तसेच आहे. तेव्हा इंग्रजीत लिहिण्यापूर्वी मुलांनी क्षणभर स्वतःला विचारावे : मी हे का पाळतो? उत्तर मनाशी स्पष्ट असेल, तर योग्य शब्द सापडायला वेळ लागत नाही. आणि उत्तर सापडत नसेल, तर शब्दकोश मिटून प्रथम घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे.