विमान उडाल्यावर

तर झालं असं. परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा 'झुंड'चा विषय निघाला. पुण्याहून नुकताच बदलून आलेल्या एका मुलाने वीकेंडला तो मोबाईलवर पाहिला होता. "काय शेवट आहे यार, रडलो मी," म्हणाला. मी म्हटलं, "तो शेवट हाच तर प्रॉब्लेम आहे." झालं! नागपूरचा माणूस 'झुंड'ला नावं ठेवतो म्हणजे काय? तर्री पोह्यांना नावं ठेवल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे बोलता आलं नाही (दीडला कॉल होता), म्हणून इथे लिहितो.

आधी स्पष्ट करतो, नागराज मंजुळेंचा हा सिनेमा मला मनापासून आवडतो. मार्च २०२२ मध्ये आला तेव्हा दोनदा थिएटरात जाऊन पाहिला. माझं भांडण सिनेमाशी नाहीच, भांडण आहे ते बघणाऱ्यांशी, म्हणजे तुमच्या-माझ्याशी. शेवटी पोरगा विमानतळावरची तपासणी पार करतो, विमान वस्तीवरून उडतं आणि आपण डोळे पुसत पार्किंगमधून गाडी काढतो. आपल्या लेखी गोष्ट तिथे संपली. आपल्या भाषेत सांगायचं तर गो-लाइव्ह झालं, केक कापला, आता मेंटेनन्सवाले बघतील.

खऱ्या गोष्टीत काय होतं ते बघा. हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक असलेल्या विजय बारसे सरांनी पावसात पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे त्याचं 'स्लम सॉकर' झालं. यातूनच अखिलेश पॉल आले. आधीचं आयुष्य, मारामाऱ्या, मागे लागलेले पोलीस हे सगळं २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते'मधून देशाने ऐकलं. २०१० मध्ये रिओ दि जानिरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये ते भारताचे कप्तान होते. कोपाकबानाचा समुद्रकिनारा, देशाची जर्सी. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

आता एक नियम सांगतो, जो बहुतेकांना ठाऊक नसतो. होमलेस वर्ल्ड कप एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतो. एकदाच! पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला संधी मिळावी म्हणून. एका बाजूला चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि साधारण आठवडाभराची स्पर्धा. म्हणजे ज्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीवर आपण टाळ्या वाजवतो ती जेमतेम एका आठवड्याची आहे. त्यानंतर अखिलेश पॉल नागपूरला परतले आणि प्रशिक्षक झाले. मला सांगा, कारकीर्द कुठली? तो आठवडा, की त्यानंतरची सगळी वर्षं?

आणि आपण विचारतो काय? "तेव्हा नेमकं काय केलं होतंस रे?" मुलाखत असो की समारंभ, सगळ्यांना भूतकाळ हवा असतो. सराव कसा घेता, बारा वर्षांच्या पोराला डाव्या पायाने खेळायला कसं शिकवता, तीन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी जाऊन बापाशी काय बोलता, हे कुणी विचारत नाही. तिशी ओलांडलेला, शेकडो मुलांना शिकवणारा माणूस आपल्या तोंडी अजून 'वस्तीतला मुलगा'च असतो.

हे मी वरून बोलत नाहीये, कारण या पापात मीही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात सीएसआरचा दिवस ठरला आणि फुटबॉलचं सेशन ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली. वस्तीतल्या पोरांना शिकवणारा, स्वतः जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या गटात खेळलेला एक कोच कुणीतरी सुचवला. (नाव देत नाही, त्याला आवडणार नाही.) मिहानपर्यंत स्वतःच्या बाईकवर आला, मागे बॉलची जाळी बांधून. दोन तास त्याने आम्हा ढेरपोट्यांना असं पळवलं की आमचा एचआर मॅनेजर लॉनवर आडवा झाला. शेवटी पुष्पगुच्छ, कंपनीचा मग आणि ग्रुप फोटो. चहा घेताना मी सहज विचारलं, "बाकी नोकरी कुठे करता?" तो हसला. "सर, नोकरी म्हणजे हेच करून राहिलो ना."

मानधनाचा विषय आदल्या आठवड्यातच निघाला होता आणि "समाजकार्य आहे, पैशाचं काय बोलायचं" असं म्हणून तो मीच संपवला होता. त्याच महिन्यात आम्हाला 'टीम बिल्डिंग' शिकवायला आलेल्या बाईंचं बिलही मीच पास केलं. आकडा लिहीत नाही, लाज वाटते.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "बारसे सरांनी कुठे पैसे घेतले? त्यांनी तर निवृत्तीचे पैसे यात घातले." खरं आहे, आणि त्याबद्दल त्यांच्या पाया पडावं. पण मंडळी, त्याग करायलाही आधी गाठीशी काहीतरी लागतं. सरांनी कॉलेजातली नोकरी पूर्ण करून मग तो निर्णय घेतला, स्वतःच्या मर्जीने. ज्याच्या घरात कुणाला कधी पेन्शन नव्हती, त्याच्याकडून आपण तोच त्याग गृहीत धरतो. एका पिढीचं औदार्य दुसऱ्या पिढीच्या पगाराऐवजी वापरायचं, याला काय म्हणायचं? २०१६ मध्ये 'स्लम सॉकर'ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. आपण फॉरवर्ड केला, "प्राउड नागपूरकर" लिहून. तो अवॉर्ड मैदानावर रोज सकाळी कोन मांडणाऱ्यांचाही होता, हे त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.

कुणी म्हणेल, हे संस्थांचं झालं, प्रोफेशनल फुटबॉलमध्ये असं नसतं. नसतं? खालिद जमील घ्या. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असं खेळलेला मिडफिल्डर. २००९ मध्ये मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि २०१६ पर्यंत ती कमी पैशांतली टीम आय-लीगमध्ये टिकवून ठेवली. मग मिझोरामच्या ऐझॉलला गेला. आदल्या मोसमात घसरून बाहेर पडलेली आणि नशिबाने परत आत घेतलेली टीम. २०१७ मध्ये तिला त्याने देशाची विजेती केली! बरं, आयएसएल सुरू झाली २०१४ ला. तिथल्या एका क्लबने भारतीय माणसाला कायमचा मुख्य प्रशिक्षक नेमायला २०२१ उजाडलं. तो हाच जमील, नॉर्थईस्ट युनायटेडचा. तोही आधी हंगामी. "सध्या तू बघ, मग ठरवू." ज्याने कधी 'अ‍ॅक्टिंग लीड' म्हणून दोन वर्षं काढलीत त्याला हे वाक्य कुठे टोचतं ते सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला, सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून टीमने काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर काढला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो, २०२७ चा आशिया कप हुकला, आणि आमच्या ग्रुपवर अर्ध्या तासात "फॉरेनर आणा" सुरू. सप्टेंबरमध्ये यांच्यापैकी एकानेही अभिनंदनाचा अंगठा दाखवला नव्हता. (मी स्क्रोल करून खात्री केली.)

एक गोष्ट लिहावी की नाही, कळत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्येच, 'झुंड'मध्ये काम केलेल्या एका तरुण नटाचा नागपुरात खून झाला. सिनेमातल्या भूमिकेवरून कुणाच्या आयुष्याबद्दल निष्कर्ष काढू नयेत आणि मी काढत नाही. कोण असता तर काय टळलं असतं, हेही मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी लोकांनी बच्चन साहेबांबरोबरचे त्याचे फोटो टाकले, "विश्वास बसत नाही" लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट. विमान उडाल्यावर खाली राहिलेल्यांकडे रोज बघायचं काम कुणीतरी करतं आणि त्या कामाला आपण कामच म्हणत नाही, एवढं मात्र त्या रात्री डोक्यातून गेलं नाही.

असो. या वर्षीही सीएसआरचा दिवस आहे. परवाच त्या कोचला फोन केला, फी विचारली. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तुम्हीच सांगा ना सर, किती असते?" मी टीम बिल्डिंगवाल्या बाईंचं जुनं बिल शोधून काढलं, तोच आकडा टाकून मंजुरीला मेल पाठवली. सोमवारी पाठवली. आज रविवार. अजून उत्तर नाही, उद्या सकाळी वर जाऊन बसणार आहे.