युरोपातला संगीत महोत्सव निवडताय? पोस्टरवरची मोठी नावे शेवटी बघा

थंडी ओसरू लागली की इन्स्टाग्रामवर युरोपातल्या उन्हाळी संगीत महोत्सवांची पोस्टर फिरू लागतात. साचा ठरलेला. वर ठसठशीत अक्षरांत तीन-चार नावे, खाली मुंग्यांएवढ्या अक्षरांत शंभरेक. मित्रांच्या ग्रुपवर पोस्टर पडते, 'यंदा जायचेच' असे ठरते आणि वरची नावे बघून महोत्सव निवडला जातो. भारतीय पासपोर्टवर, स्वतःच्या पगारातून आणि मोजक्या रजेत जाणाऱ्याने मात्र हा क्रम उलटा करायला हवा.

मोठी नावे बघून का ठरवू नये?

कारण ती नावे आता इथेही येतात. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाचे २०२४ चे तीन मुख्य कलाकार होते दुआ लिपा, कोल्डप्ले आणि सिझा. त्यातली दुआ लिपा त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर गायली. कोल्डप्लेने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम केले. म्हणजे सात महिन्यांच्या आत तिघांपैकी दोघे लोकलच्या टप्प्यात आले. (कोल्डप्लेचे तिकीट मिळवणे ही वेगळी लढाई होती, ते सोडा.) लोलापालूझाही २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो.

कलाकार विमानाने येतो, जागा येत नाही. वाकेन हे उत्तर जर्मनीतले जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव. १९९० पासून तिथे हेवी मेटलचा महोत्सव भरतो आणि त्या आठवड्यात गावात ८५ हजारांच्या आसपास लोक उतरतात. दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड २०१९ मध्ये तिथेच वाजला आणि त्यानंतर जगभर पोचला. बुडापेस्टचा सिगेत डॅन्यूब नदीतल्या बेटावर होतो. डेन्मार्कचा रोस्किल्ड महोत्सव १९७१ पासून चालतो. तो ना-नफा तत्त्वावर आहे आणि त्याचा डोलारा हजारो स्वयंसेवकांच्या खांद्यांवर उभा आहे. हे सगळे बीकेसीत उभारता येणार नाही. पैसे खर्च करायचे तर त्यासाठी.

मग सुरुवात कुठून करायची?

व्हिसापासून. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हा 'क्रिटिकल पाथ' आहे. बाकीची सगळी कामे पुढे-मागे सरकवता येतात, हे नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय सुट्ट्यांच्या हंगामात व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट मिळवणे हेच मोठे काम असते. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात अनेकांची गल्लत होते. महोत्सव बेल्जियममध्ये चार दिवस आणि नंतर पॅरिसमध्ये सहा दिवस असा बेत असेल, तर अर्ज फ्रान्सकडे. जिथे मुक्काम जास्त, तो देश. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार, तो देश.

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि त्या अर्जाची खिडकी प्रवासाच्या तीन महिने आधी उघडते. त्यामुळे 'लंडनला एक आणि बार्सिलोनाला एक' असा बेत म्हणजे दोन अर्ज, दोन शुल्के आणि एकच पासपोर्ट, जो एका वेळी एकाच केंद्रात असू शकतो. पहिल्याच खेपेला हा उपद्व्याप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे मराठी विद्यार्थ्यांतही एक फरक पडतो. जर्मनीत शिकणाऱ्याकडे तिथला निवास परवाना असेल, तर तो वेगळा व्हिसा न काढता रोस्किल्डला किंवा बार्सिलोनाला जाऊ शकतो. मँचेस्टरमध्ये शिकणाऱ्याला बेल्जियमला जायचे तर शेंगेनच्या रांगेत उभे राहावेच लागते.

तिकीट आधी की व्हिसा आधी?

खरी जोखीम इथे आहे. ग्लास्टनबरीची तिकिटे साधारणपणे आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात विकली जातात आणि तासाभरातच संपतात. त्या वेळी कलाकारांची यादीही जाहीर झालेली नसते. महोत्सव असतो जूनमध्ये, म्हणजे व्हिसाचा अर्ज करण्याची मुभा मिळेपर्यंत पैसे कधीच गुंतलेले असतात. तिकिटावर तुमचा फोटो असतो, ते मित्राला देता येत नाही. बेल्जियममधल्या बूम गावच्या टुमॉरोलँडची तिकिटेही अशीच महिनोन् महिने आधी जातात.

म्हणून पोस्टर उघडण्याआधी तिकिटाच्या अटी उघडा. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येते का? अधिकृत पुनर्विक्रीची सोय आहे का? व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात का? दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' आले, तर तो महोत्सव पहिल्या युरोपवारीसाठी नाही. हॉटेल मोफत रद्द करता येईल असेच घ्यावे.

जुन्या याद्यांवरही विसंबू नका. 'युरोपातले स्वस्त महोत्सव' अशा लेखांत सर्बियातल्या नोव्ही साद शहराच्या किल्ल्यावर होणारा एक्झिट अजूनही दिसतो. २००० मध्ये विद्यार्थी चळवळीतून सुरू झालेल्या या महोत्सवाच्या आयोजकांनी २०२५ मध्येच जाहीर केले की सर्बियातले हे शेवटचे वर्ष. आंदोलक विद्यार्थ्यांना पाठिंबा दिल्याने दबाव आला, असे त्यांचे म्हणणे होते. उलट रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आला. त्यामुळे क्लुज-नापोका शहरातला अनटोल्ड आणि त्याच्या जवळच्या जुन्या वाड्याच्या आवारातला इलेक्ट्रिक कॅसल हे आता त्याच व्हिसावर बघता येतात. आपल्याकडच्या चर्चेत यांची नावे क्वचितच निघतात.

झोपायचे कुठे, हा प्रश्न किरकोळ आहे का?

अजिबात नाही. महोत्सवांचे दोन प्रकार इथेच पडतात. ग्लास्टनबरी, रोस्किल्ड, वाकेन इथे तंबूत राहायचे. २३ किलोच्या बॅगेत तंबू, स्लीपिंग बॅग आणि गमबूट बसवून बघा, म्हणजे अंदाज येईल. गमबूट गंमत म्हणून लिहिलेले नाहीत. २०२३ मध्ये वाकेनला इतका पाऊस आणि चिखल झाला की आयोजकांना प्रवेश थांबवावा लागला आणि तिकीट असलेले हजारो लोक वाटेतून परतले.

दुसरा प्रकार शहरातला. बार्सिलोनाचा प्रिमावेरा साउंड मे-जूनच्या सांध्यावर समुद्रकाठी होतो. मेट्रोने जायचे, पहाटेपर्यंत ऐकायचे, खोलीवर येऊन अंघोळ करून झोपायचे. महोत्सव फसला तरी शहर उरते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच प्रकार सुचवीन.

टुमॉरोलँडचे काय? तिथले डीजे भारतातही येतात, तिथली खरी जागा म्हणजे तो राजवाड्यासारखा रंगमंच. जुलै २०२५ मध्ये महोत्सवाला दोन दिवस उरले असताना मुख्य रंगमंच जळाला, तरी महोत्सव झाला. ज्यांना गर्दीत नाचायचे होते ते नाचले. केवळ तो रंगमंच बघायला गेलेल्यांना मात्र तो दिसला नाही.

कमी खर्चात काही आहे का?

आहे, पण ते पॉपच्या पोस्टरवर सापडत नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बीबीसी प्रॉम्स चालतो. ही परंपरा १८९५ पासूनची. रोज काही तिकिटे उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी राखलेली असतात, २०२५ मध्ये त्यांचा दर आठ पौंड होता. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीचे तिकीट काढून बसणाऱ्याला हा प्रकार लगेच कळेल. तीच दर्दी गर्दी, फक्त पायांवर. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग महोत्सवाची आतली तिकिटे महाग असतात, पण तिथल्या कापिटेलप्लाट्झ चौकात मोठ्या पडद्यावर ऑपेरा मोफत दाखवतात.

आणि स्वित्झर्लंडमधला मॉन्ट्रो जॅझ. १९६७ पासून जिनिव्हा सरोवराच्या काठी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. १९७६ मध्ये 'शक्ती' इथे वाजले, तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन होते. सभागृहांतली तिकिटे स्विस दराची, म्हणजे खिशाला चटका देणारीच. पण सरोवराकाठच्या अनेक मैफली मोफत असतात. मुक्काम शेजारच्या एखाद्या गावात करून रेल्वेने ये-जा केली तर हिशेब बसू शकतो.

राहता राहिला ग्लास्टनबरीचा हट्ट. २०२६ मध्ये तो होणारच नाही, कारण वर्दी फार्मच्या जमिनीला त्या वर्षी विश्रांती दिलेली आहे. २०२७ साठी मन असेल तर फोटोसह नावनोंदणी आधीच करून ठेवावी लागते. तिकीटविक्रीच्या दिवशी ती करता येत नाही.